उन्हाळ्यात लेकरायला घरातच नाचवा
एप्रिल-मे मध्ये परभणी-लातूरकडं दुपारी लेकरं बाहेर सोडता येत नाहीत अन् मग दिवसभर मोबाईल, तर स्पीकरवर गाणी लावा पण स्क्रीन उलटी ठेवा, नाहीतर नाचायचं सोडून बघतच बसतात. आधी टाळ्या-हातवाऱ्यांचं बालगीत, मग मिनिटाला 120 च्या आसपास ठोके असलेलं जोरदार गाणं, म्हणजे सेकंदाला दोन पावलं, बारक्यांनाही जमतंय. मधीच गाणं थांबवायचं अन् सगळ्यांनी पुतळा व्हायचं, हे लई आवडतं त्यांना! जागतिक आरोग्य संघटना 5 वर्षांपुढच्या लेकरायला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, पण ती एका दमात नको, दोन-तीन गाण्यांनंतर पाणी पाजा. लाईट गेली तर फुगडी, झिम्मा आहेच, गाणी आजीला म्हणायला लावा. फरशीवर मोजे घालून मात्र नाचू देऊ नका, घसरतात.