आधी गाठ ठरवा, मग दोर घ्या

माझं वजन ५४ किलो. हार्नेस (कंबर-मांड्यांचा पट्टा), हातकरवत, कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या), पाण्याची बाटली असं सगळं अंगावर चढवलं की ६२. हे सुरुवातीलाच सांगते, कारण झाडावर चढायच्या सामानाबद्दल मला पहिली दोन वर्षं जे सल्ले मिळाले ते ऐंशी-नव्वद किलोच्या गड्यांचे होते. त्यांच्या पसंतीची १० मिलिमीटरची ताठ हिचकॉर्ड (चढायच्या दोरावर पकडगाठ बांधायची वेगळी दोरी) माझ्या वजनाने नीट आवळलीच जायची नाही. भार टाकला की वीतभर घसरायची आणि मग पकडायची. जमिनीवर वीतभर म्हणजे काहीच नाही, पण बारा मीटरवर तेवढ्यात पोटात खड्डा पडतो. दोर उत्तम होता, कॉर्डही उत्तम होती. दोघांची जोडी माझ्यासाठी नव्हती, एवढंच.

म्हणून कुठला दोर घेऊ असं कुणी विचारलं की मी दोरापासून सुरुवात करतच नाही. (मी ‘दोर’च म्हणते. ‘रोप’ म्हटलं की झाडांच्या कामात निम्म्या लोकांना पिशवीतलं रोपटं आठवतं.) आधी विचारते, चढणार कसे? चालत्या दोरावर की स्थिर दोरावर?

चालत्या दोराच्या पद्धतीत दोर वरच्या फांदीवरून जाऊन परत तुमच्याकडे येतो. एक टोक हार्नेसला, आणि परत आलेल्या दोरावर तुमची पकडगाठ, म्हणजे हिच. दोन पदर मिळून तुम्हाला पेलतात, त्यामुळे हाताला निम्मंच वजन ओढावं लागतं. पण एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. वरच्या फांदीवर भार पडतो तो साधारण तुमच्या वजनाइतका. स्थिर दोराच्या पद्धतीत दोर जागचा हलत नाही. तुम्ही त्याच्यावरून शिडीसारखे चढता, पायाला आणि गुडघ्याला अडकवलेल्या असेंडरांनी (ते वर सरकतात, भार आला की दोर धरतात). उंच, सरळ खोडाच्या झाडावर हे फार आरामाचं. चढाई मांड्या करतात आणि हात कामासाठी ताजे राहतात.

इथे एक हिशोब लोक विसरतात. स्थिर दोर वरच्या फांदीवरून घेऊन खाली बुंध्याला बांधला, तर त्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, कारण एका बाजूला तुम्ही लटकता आणि दुसऱ्या बाजूला बुंधा तितक्याच जोराने ओढत असतो. माझ्या ६२ किलोचे सव्वाशेच्या आसपास होतात. नव्वद किलोच्या माणसाने स्वतःचा हिशोब करावा आणि मग त्या फांदीकडे पुन्हा एकदा बघावं. तोच दोर वर फांदीलाच फास घालून बांधला तर भार एकपट राहतो. बुंध्याला बांधायचा मोठा फायदा असा की तिथे डिसेंडर (दोर हळूहळू सोडणारं साधन) लावून ठेवला आणि दोर पुरेसा लांब असला, तर वरचा माणूस जखमी झाला तरी खालचा त्याला अलगद उतरवू शकतो. तोटा असा की तुमचा जीव ज्यावर टांगलाय तो दोर खाली खोडाशी, करवती चालतात तिथेच, उघडा असतो. मी तिथे लाल फडकं बांधते आणि खालच्या माणसाला रोज नव्याने सांगते. तो वैतागतो. वैतागू दे.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष चालता दोरच. त्याला सामान कमी लागतं, चुका लवकर दिसतात, हिच हाताला समजते. स्थिर दोरावर नुसत्या हिचवर उतरायला जाऊ नका. सगळं वजन एकाच पदरावर येतं, त्यामुळे हिच एक तर करकचून बसते, नाही तर सुटल्यावर तापत घसरते. केव्हिन बिंगहॅम या झाडावरच्याच कारागिराने रोप रेंच काढला तो यासाठीच. हिचच्या वर बसणारा हा छोटासा तुकडा दोराला वाकवतो, थोडं घर्षण स्वतःवर घेतो आणि हिच हाताने सुटण्याइतकी मोकळी राहते.

आता हिच. दोराआधी हिचचा विचार करा असं मी म्हणते ते अगदी शब्दशः. प्रुसिक सगळ्यांना माहीत असते, १९३१ पासून छापील आहे. बसते घट्ट, पण भाराखाली सोडवताना बोटं दुखतात. ब्लेक्स हिच दोराच्याच शेपटाने बांधता येते, वेगळी कॉर्ड लागत नाही, म्हणून शिकायला ती छान. रोजच्या कामाला डिस्टेल किंवा व्हीटी या गाठी. दोन्हीकडे शिवलेले डोळे (टोकाचे फासे) असलेली ७० ते ८० सेंटिमीटरची कॉर्ड, खाली छोटी पुली. चढताना पुली हिचला वर ढकलते आणि सैल झालेला दोर एका हाताने ओढून घेता येतो. डिस्टेलमध्ये माझे वर चार वेढे, खाली एक. जड माणसाला कदाचित पाच लागतील. हा आकडा कुणाकडून उसना घ्यायचा नाही.

पारख अशी करते. छातीएवढ्या उंचीच्या फांदीवरून दोर टाकायचा, अंगावर रोजचं सगळं सामान चढवायचं, हिच बांधायची आणि पाय उचलून बसायचं. दहा वेळा. दहाही वेळा हिचने लगेच धरलं पाहिजे. नऊ वेळा धरलं तर ती बाद, एक वेढा वाढवा किंवा कॉर्ड बदला. मग एका हाताने हलकेच खाली दाबून उतरता येतंय का पाहायचं. दात-ओठ खावे लागले तर एक वेढा कमी, आणि पुन्हा पहिल्यापासून दहा. त्यानंतर दोर बादलीत बुडवून पुन्हा तेच. ओला दोर फुगतो आणि कालची गोड हिच आज दगड होते.

कॉर्डच्या जाडीत आणि दोराच्या जाडीत फरक हवा. ११.७ मिलिमीटरच्या दोरावर ८ मिलिमीटरची, १३ च्या दोरावर १० ची, असा माझा अंदाज. माझ्यासारख्या हलक्या माणसाने मऊ विणीची कॉर्ड घ्यावी. ती पहिल्या क्षणी दोराला मिठी मारते.

कॉर्ड कशाची आहे हेही बघाच. पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं. डायनीमासारखा धागा तर १५० च्या आतबाहेर. ताकद प्रचंड, पण घर्षणाच्या कामाला तो आवरणात नकोच. ॲरामिड (केव्हलारसारखा धागा) वितळत नाही, खूप वर जाऊन करपतो, म्हणून चांगल्या हिचकॉर्डच्या आवरणात ॲरामिड असतो. हे मी वाचून शिकले नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस आला म्हणून पंधरा मीटरवरून एका दमात उतरले, पॉलिएस्टरच्या कॉर्डवर. खाली आल्यावर वरचा वेढा चकाकताना दिसला. नेलपॉलिश सांडून वाळावं तसा तो भाग झाला होता. वाकवला तर कडक, नखाने खरवडला तर बारीक पापुद्रे निघाले. आतले धागे शाबूत होते, पण त्या गुळगुळीत जागेवर हिच धरेल याची खात्री कोण देणार? कॉर्ड तिथेच कापली. तेव्हापासून ॲरामिड आणि सावकाश उतरणं, दोन्ही.

हिचच्या जागी वापरायची यांत्रिक साधनंही आहेत. झिगझॅग, रोप रनर वगैरे. काम भराभर होतं, हिच बांधायची कटकट नाही. पण प्रत्येकावर दोराच्या जाडीची मर्यादा कोरलेली असते, आणि त्या मर्यादेतही सगळे दोर सारखे वागत नाहीत. हलक्या माणसाला काही साधनं उतरताना खाली सोडतच नाहीत, आपण दांडी दाबून लोंबकळत बसतो. कुणाचं तरी अर्धा तास मागून घ्या, मग ठरवा. आणि हिच येत नसताना यंत्र घेऊ नका, ते बिघडलं तर वरून उतरणार कसे?

एवढं ठरलं की दोर निवडणं सोपं. कमी ताणाचा, गाभा आणि आवरण असलेला, ११.५ ते १३ मिलिमीटर. युरोपीय मानकात ईएन १८९१ चा ‘अ’ प्रकार बघतात. त्याची तुटण्याची क्षमता किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो. छापील क्षमता पुरेशीच असते, त्यात चढाओढ करू नका. बघायचं ते हे: मुठीत कसा बसतो? पातळ दोर हलका असतो, पण दिवसभर ओढून पंजे आखडतात. माझा हात लहान, तरी मी ११.७ च्या खाली जात नाही. दोन बोटांत चिमटा काढून आवरण गाभ्यावरून सरकतंय का? सरकत असेल तर पुढे त्याचा पायमोजा होणार. कड्यावर चढणाऱ्या मित्राचा ताणणारा दोर मात्र उसना आणू नका. तो पडणाऱ्याला झेलायला बनवलेला असतो. झाडावर त्याच्यावर चढायला गेलात तर निम्मी मेहनत नुसती ताणण्यात जाते. उलट आपल्या कमी ताणाच्या दोराला झटका सोसवत नाही, आणि तुमच्या कंबरेलाही. म्हणून अँकरच्या, म्हणजे दोर वर जिथे अडकवलाय त्या जागेच्या, वर ढिला दोर सोडून चढायचं नाही, कधीच.

लांबी? १८ मीटरचं झाड असेल तर चालत्या दोराला ३६ मीटर नुसते वर-खाली लागतात, त्यात फांद्यांवर आडवं जाणं धरा. ४५ मीटर हा सोयीचा आकडा. शेवटच्या टोकाला गाठ मारून ठेवा, म्हणजे दोर संपला तरी तुम्ही हिचमधून निसटणार नाही. रंगाला लोक हसतात, मी नाही हसत. हिचकॉर्ड आणि दोर वेगळ्या रंगाचे असले की वेढा चुकलेला लांबून दिसतो, आणि दोर पानांच्या रंगाचा नसला की करवत त्याच्यावर जात नाही.

दोर थेट फांदीवरून ओढू नका. साल सोलली जाते, दोर झिजतो आणि घर्षण प्रत्येक झाडागणिक बदलतं, म्हणजे तुमची जमवलेली हिच पुन्हा बिघडली. दोन कड्यांचा फ्रिक्शन सेव्हर (फांदीला वेढायचा पट्टा, दोर त्याच्या कड्यांतून जातो) घ्या, एक कडी मोठी, एक लहान. काम संपलं की दोराला गोळा बांधून ओढायचा. तो मोठ्या कडीतून जातो, लहानीत अडकतो आणि सगळं खाली येतं. शिवलेला डोळा असलेला दोर घेणार असाल तर तो डोळा त्या कड्यांतून जातो का, आधी बघा. माझा पहिला जात नव्हता.

हार्नेस दुकानात उभं राहून बघू नका, लटकून बघा. वीस मिनिटं, करवत अडकवून. मांड्यांना मुंग्या आल्या तर तो तुमचा नाही. पुढचा दोरीचा पूल, ज्याला चढायचा दोर अडकतो, तो बदलता येणारा असावा, सगळ्यात आधी तोच झिजतो. कॅराबिनर तीन हालचालींत उघडणारे, आपोआप बंद होणारे. लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटनच्या वर पेलणारा कॅराबिनर आडवा पडला तर ७-८ वर येतो, म्हणून भार टाकण्याआधी त्याच्याकडे एकदा बघायचंच. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा घट्ट राहणारा हवा. कारखान्यातल्या हेल्मेटचा पट्टा जोर पडला की मुद्दाम सुटतो, आणि झाडावर नेमकं तेच नको असतं.

कंबरेच्या लॅनयार्डमध्ये (खोडाभोवती घ्यायची आखूड दोरी) स्टीलची तार असली म्हणजे चेनसॉने कापला जाणार नाही, हा मोठा गैरसमज. हातकरवतीचा चुकार फटका तार सोसेल. चेनसॉ ती कापते. चेनसॉ सुरू असताना दोन स्वतंत्र जागी बांधलेलं असणं, हाच उपाय. पायाला बांधायचे काटेरी स्पाइक फक्त पाडायच्या झाडाला. जगवायच्या झाडाला नाहीत.

दोर वर न्यायला २ मिलिमीटरची थ्रोलाइन (आधी फांदीवरून फेकायची बारीक दोरी) आणि तिला बांधायची तीनशे ग्रॅमच्या आसपासची वजनाची पिशवी पुरते. नेम सरावाने बसतो.

वर अडकलेल्याला सोडवायला जोडीदारासाठी दुसरा दोर आणि दुसरा हार्नेस कामावर असायलाच हवा, आणि खाली असा माणूस जो खरोखर चढू शकतो. सामानाच्या यादीत लोक हे शेवटी लिहितात, किंवा लिहीतच नाहीत.

वापरलेलं सामान घ्यायचं तर फक्त धातूचं, तेही नीट तपासून. दुसऱ्याच्या दोराने काय सोसलंय, बॅटरीचं आम्ल की उन्हातली सहा वर्षं, ते बघून कळत नाही. स्वतःचा दोर मी दर आठवड्याला हातमोजे काढून, डोळे मिटून बोटांतून जाऊ देते. खळगा, मऊ पडलेली जागा, कडक जागा, सगळं डोळ्यांच्या आधी बोटांना लागतं. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, वाळवायला सावली. कापडी सामान न वापरताही बनवल्यापासून दहा वर्षांनी बाद, असं बहुतेक उत्पादक सांगतात. रोजच्या कामात ते त्याच्या कितीतरी आधी जातं. बाद केलेला दोर मी हातभर लांबीचे तुकडे करून खालच्या लोकांना देते, फांद्यांच्या मोळ्या बांधायला. लांब ठेवला तर कुणीतरी त्याच्यावर चढतंच.