स्वसंरक्षणात जीव गेला, तर केस कुठे फसते? या चुका टाळा

रात्री दोन वाजता चोर पाइपावरून चढला, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरला. तुम्ही हाताला लागला तो वरवंटा घातला, तो आडवा झाला. इथवर कायदा तुमच्या बाजूने आहे. आडवा झाल्यावर घातलेला दुसरा वरवंटा मात्र महागात पडतो.

खासगी संरक्षणाचा हक्क धोक्याच्या भीतीबरोबर सुरू होतो आणि तिच्याबरोबरच संपतो (भारतीय न्याय संहिता, कलम 40). सुरा गळून पडला, माणूस निपचित झाला किंवा खांबाला बांधला, की पुढचा फटका म्हणजे तुमचाच हल्ला. चाळीत चोराला बांधून ‘प्रसाद’ देणारे इथेच आरोपी होतात. सद्हेतूने बचावाची मर्यादा ओलांडली तर सदोष मनुष्यवध: जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद. बदल्यासाठी मारलं तर सरळ खून.

‘घरात घुसला म्हणजे मारता येतो’ हा दुसरा गैरसमज. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंत कधी जाता येतं, हे सांगणाऱ्या कलम 41 मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी आहे; जुन्या दंड संहितेच्या कलम 103 मध्ये ‘रात्रीची घरफोडी’ होतं, अर्थ हाच; 1 जुलै 2024 पासून हे शब्द थेट कलमात आले. घरफोडी म्हणजे खिडकीतून, भिंत चढून, कुलूप वा कडी काढून शिरणं. दुपारी सताड उघड्या दारातून आलेला भुरटा त्यात बसत नाही. त्याला पकडा, ढकला. जीव घेता येत नाही. त्याने सुरा उगारला, मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटली, तर गोष्ट वेगळी.

लोकलच्या दारात हातावर फटका मारून मोबाइल पाडला, तर ती जबरी चोरी, तीही कलम 41 मध्ये येते. पण तो रुळांवरून पळत सुटल्यावर मागून डोक्यात दगड घातलात, तर बचाव टिकणं कठीण.

पळून का गेला नाहीत, असं मात्र कायदा विचारत नाही. दर्शन सिंग खटल्यात (2010) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की हल्ला होत असताना माणसाने बचाव गणिती अचूकतेने मोजावा ही अपेक्षाच अवास्तव आहे.

सगळ्यात वाईट चूक नंतर होते: फरशी पुसणं, वरवंटा धुणं, ‘मी नव्हतोच तिथे’ म्हणणं. बचाव दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते (पुराव्यांचा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 108). तो संभाव्य वाटला तरी पुरतं, पण त्यालाही काहीतरी हातात लागतं. 112 ला फोन करा, लगेच वकील गाठा. स्वतःच्या अंगावरचा साधा ओरखडाही सरकारी रुग्णालयात नोंदवून घ्या. सोसायटीचं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा फुटेज राखून ठेवण्याचा लेखी अर्ज सेक्रेटरीकडे त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.