सम्प साधा करायचा की झाडांचा? सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात काय चालतं

माशांचा चार फुटी किंवा त्याहून मोठा टँक करायचं ठरलं की काठावर अडकवायचा हँग ऑन फिल्टर पुरत नाही, बाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर बजेटमधे बसत नाही आणि मग गाडी सम्पवर येते, म्हणजे टँकखाली ठेवायची दुसरी टाकी, जिथे वरचं पाणी उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. पुढचा प्रश्न असा की सम्पमधे सिरॅमिक रिंग, स्पंज, बायो बॉल असा सगळा मीडियाच (पाणी गाळणारं आणि बॅक्टेरियाला घर देणारं सामान) भरायचा की एक मोठा कप्पा मोकळा ठेवून त्यात झाडं लावायची. माझं मत विचाराल तर सोलापुरात याचं उत्तर पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं येतं, कारण आपल्याकडे उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, बोअर असेल तर पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं आणि एप्रिल-मे मधे पारा 42-43 वर जाऊन बसतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या म्हणजे निवड सोपी होते. मासे खातात, घाण करतात, त्यातून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. साधा सम्प कितीही भारी बनवला तरी त्याचं काम नायट्रेटपाशी थांबतं. ते नायट्रेट पाण्यात साठत राहतं आणि बाहेर जायचा रस्ता एकच, तुम्ही बादलीने पाणी काढणार. झाडांच्या सम्पमधे ते पानात-मुळात जातं आणि तुम्ही झाड छाटलं की घराबाहेर जातं. शिवाय झाडं अमोनिया थेट सुद्धा घेतात, बॅक्टेरियाची वाट बघत नाहीत, आणि पाणी गरम आणि पीएच 8 च्या आसपास असेल तर अमोनिया जास्त विषारी होतो म्हणून उन्हाळ्यात हे फार कामाला येतं.

आता हिशोब करा. 4 बाय दीड बाय दीड फुटाचा टँक काठोकाठ भरला तर 255 लिटरच्या आसपास. आठवड्याला तीस टक्के पाणी बदलायचं म्हणजे पंच्याहत्तर लिटर, पंधरा लिटरच्या पाच बादल्या. मे महिन्यात ड्रममधलं साठवलेलं पाणी घरात पुरवून पुरवून वापरत असताना पाच बादल्या माशांसाठी काढायच्या म्हटलं की घरात बोलणी बसणारच. आणि बोअरच्या पाण्यात कधी कधी आधीच नायट्रेट असतं, तसं असेल तर कितीही बदला, आकडा खाली येत नाही. म्हणून कुठलाही सम्प बनवायच्या आधी टेस्ट किट घेऊन नळाचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी तपासा.

मग सगळ्यांनी झाडांचाच करायचा का, तर नाही. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, पॅरट, मोठे गोल्डफिश असलं खादाड पब्लिक असेल तर घाण इतकी असते की पहिला मान घाण अडवणाऱ्या मेकॅनिकल फिल्टरलाच. तिथे साधा सम्प करा, ओव्हरफ्लोचं पाणी (टँकच्या वरच्या काठावरून खाली उतरणारं) आधी फिल्टर वूलवर, म्हणजे गाळायच्या कापसावर पडू दे, मग जाड स्पंज, मग रिंग किंवा लाव्हा रॉक, शेवटी पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. वूल दर आठवड्याला धुवायची किंवा बदलायची, त्यात अडकलेली घाण आपण काढली नाही तर ती तिथेच सडून पाण्यात विरघळते आणि सगळा मीडिया असून नसल्यासारखा होतो. मीडिया मात्र नळाखाली धुवू नका, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्याच पाण्यात खळबळून घ्या. जागा असेल तर पाणी थेंब थेंब पडणारा ट्रिकल टॉवर ठेवा, मीडियाला हवेतून ऑक्सिजन मिळतो. 25 डिग्रीला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 8.3 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 32 ला 7.3 वर येतो, आणि गरम पाण्यात मासे मात्र जास्त ऑक्सिजन मागतात, त्यामुळे उन्हाळ्यात हा टॉवर जीव वाचवतो.

दुसरी केस, वरचा टँकच झाडांनी गच्च भरलेला आणि शिवाय सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर लावलेला. मग खाली झाडांचा सम्प करू नका. खालची झाडं वरच्यांचं खत खातात, वरची पानं पिवळी पडतात आणि तुम्ही खत वाढवत बसता. इथे साधा सम्प, तोही ट्रिकल न लावता, मीडिया पूर्ण पाण्याखाली आणि ओव्हरफ्लोमधे पाणी कमीत कमी उंचीवरून पडेल असा, कारण पाणी जितकं आपटेल तितका सीओटू उडून जातो.

राहिले बाकीचे, म्हणजे माझ्या अंदाजाने बहुतेक लोक. एंजल, गोरामी, मॉली, बार्ब, टेट्रा, टँकमधे दगड-लाकूड आणि दोनचार अनुबियास. यांनी झाडांचाच सम्प करावा, असं मी अगदी आग्रहाने सांगतो. पण झाडांचा सम्प म्हणजे नुसती झाडं नव्हे, आधी वूल-स्पंजचा छोटा कप्पा, मग झाडांचा मोठा कप्पा, मग थोडी रिंग, मग रिटर्न. वूल वगळली तर मुळांवर गाळ बसतो आणि दोनेक महिन्यात खालून वास यायला लागतो.

झाड कुठलं, यात उगाच डोकं लावू नका, मनीप्लांट. मुळं पाण्यात, पानं बाहेर. पान हवेत असलं की कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो, त्यामुळे पाण्याखालच्या झाडापेक्षा कितीतरी भराभर वाढतं आणि तितकंच नायट्रेट ओढतं. कुंडीतली फांदी गाठीखाली कापायची, माती धुवून टाकायची, पानं पाण्यावर राहतील अशी अडकवायची. आठ-दहा दिवसात गाठीतून पांढरे कोंब दिसतात, पुढे त्याचा जटांसारखा झुपका होतो आणि हात घातला की बोटांना गुंडाळतो. सिंगोनियम, पीस लिली, अळू पण चालतं. पाण्याखाली ठेवायचं असेल तर हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास. सम्पमधे मासे नसतात म्हणून मुळं कोणी कुरतडत नाही, टँकमधे हेच झाड लावलं तर गोल्डफिश सगळं साफ करतात. एकच काळजी, मुळं वाढत वाढत रिटर्न पंपात शिरतात, म्हणून मधल्या काचेला जाळी लावा.

लाईट साधा पांढरा 6500 केल्विनचा एलईडी चालतो, आठ ते दहा तास. तो टँकच्या लाईटच्या उलट्या वेळेला लावा, रात्री दहा ते सकाळी सहा वगैरे. वरचा लाईट बंद असताना खालची झाडं कामाला लागतात, पीएच रात्रीत फार घसरत नाही, आणि मुख्य म्हणजे दुपारच्या उकाड्यात कॅबिनेटमधे अजून एक गरम वस्तू चालू राहत नाही. रिंगच्या आणि पंपाच्या कप्प्याला बाहेरून काळा कागद चिकटवा नाहीतर तिथे शेवाळ माजतं.

साईजचं बघू. त्या 255 लिटरच्या टँकखाली 36 बाय 12 बाय 15 इंचाचा सम्प छान बसतो, शंभर लिटरच्या थोडा वर. झाडांच्या कप्प्याला किमान अर्धी लांबी द्या. पाणी नऊ इंचावरच चालवा, वरची जागा वाया गेली असं वाटतं पण ती करंट गेल्यावर लागते. पंप बंद झाला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत खाली येणार. चार बाय दीड फुटाच्या टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर आणि खालचा सम्प अरुंद, त्यामुळे वर एक इंच उतरलं की खाली दोन इंच चढतं. दोन इंच उतरलं तर खाली चार, नऊ अधिक चार तेरा, 15 च्या सम्पमधे निभावतं. पण रिटर्न पाईपचं तोंड पाण्यात सहा इंच खोल असेल आणि पाईपला सायफन तोडायचं (पाणी आपोआप उलटं ओढलं जाणं हवा शिरवून थांबवणारं) भोक नसेल तर 84 लिटर उलटं खाली येतं आणि मग हॉलमधे तळं. हे भोक पाण्याच्या पातळीच्या जरा खाली असतं, शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा टूथपिक घाला.

पंप घेताना डब्यावरचा आकडा धरून चालू नका, 2000 लिटर लिहिलेला पंप चार फूट वर पाणी चढवताना बराच कमी देतो. रिटर्न पाईपखाली दहा लिटरची बादली धरा, तीस सेकंदात भरली तर तासाला 1200 लिटर मिळतंय. झाडांच्या सम्पला तासाला टँकच्या पाण्याच्या चार-पाच पट पुरे, खादाड माशांच्या साध्या सम्पला सहा ते आठ पट ठेवा.

उन्हाळ्यात कॅबिनेटची दारं उघडी ठेवा आणि सम्पवर छोटा फॅन सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री सहज उतरतात, पाऊस सुरू झाला की मात्र तितका फरक पडत नाही. पण पाणी उडालेलं बाकी कप्प्यांत दिसत नाही, सगळी घट रिटर्नच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा 8 बाय 12 इंचाचा असेल तर साडेचार-पाच लिटर उडालं की तीन इंच उतरतो आणि पंप हवा ओढायला लागतो, एका दिवसात हे होऊ शकतं. रोज सकाळी भर घाला आणि ती भर आरओच्या शुद्ध पाण्याची घाला, आरओ बाहेर टाकतो ते वेस्टचं नको. क्षार उडत नाहीत, बोअरचं पाणी भरत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस अजून जड होत जातं आणि काचेवर पांढरी पट्टी धरते.

करंट गेल्यावर मीडियात साचून राहिलेल्या पाण्यातला ऑक्सिजन बॅक्टेरिया काही तासात संपवतात, आणि अंधारात झाडं सुद्धा ऑक्सिजनच खातात, तेव्हा झाडं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. निदान एक बॅटरीवरचा एअर पंप वरच्या टँकमधे असू दे. रिटर्न पंप इन्व्हर्टरवर घेणार असाल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा बघा, स्क्वेअर वेव्हवर हे पंप घुंई करतात आणि तापतात. सगळ्या वायरी सॉकेटला जायच्या आधी खाली झोका घेऊन वर जाऊ दे म्हणजे थेंब सॉकेटमधे जाणार नाही, आणि त्या पॉइंटला 30 मिलिअँपचा आरसीसीबी (शॉक बसू नये म्हणून करंट गळला की लगेच बंद होणारा स्विच) लावून घ्या, यात पैसे वाचवू नका.

छाटलेला मनीप्लांट कुंडीत लावा, कोणाला द्या, हॉर्नवर्ट वाळवून खतात टाका. सम्पसाठी जलपर्णी मात्र आणू नका आणि उरलेली कुठलीच झाडं तलावात सोडू नका, संभाजी तलावात जलपर्णी कशी पसरते ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

नवा सम्प चालू केल्यावर चार ते सहा आठवडे बॅक्टेरिया बसायला जातात, कोणा मित्राच्या जुन्या टँकमधला स्पंज मिळाला तर लवकर होतं. मासे थोडे थोडे सोडा. नंतर दर रविवारी नायट्रेट लिहून ठेवत जा. 20 पीपीएमच्या आसपास टिकून राहिलं तर पाणी बदलणं दोन-तीन आठवड्यांनी केलं तरी चालतं, 40 च्या वर चढत राहिलं तर आधी खाणं कमी करा, वूल धुवा, मग अजून फांद्या लावा, आणि तरीही चढलं तर मासे जास्त झालेत, दुकानदाराला परत द्या.