वणव्याच्या धुरावर उपग्रहातून नजर: आंबा-काजू बागायतदारांसाठी उन्हाळी सल्ला

कोकणात फेब्रुवारीअखेर कातळावरचे गवत कडकडीत वाळते. कुठे राबभाजणी (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणे) हाताबाहेर जाते, कुठे कुणी बांध साफ करायला काडी लावतो, आणि डोंगर पेटतो. आग पलीकडच्या गावात असली, तरी आज फवारणी करावी का, कोकमाची सोले वाळत घालावीत का, हे आपल्याला सकाळीच ठरवावे लागते. त्यासाठी उपग्रहाची चित्रे मोबाइलवर मोफत मिळतात. मात्र समोरचे चित्र किती वाजताचे आहे ते आधी पाहावे. निम्मी फसगत तिथेच होते.

नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर आगीचे ठिपके दिसतात. सुओमी एनपीपी आणि नोआ-२० हे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात, आणि माहिती नकाशावर यायला तीन तासांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे दुपारी चारला लागलेला वणवा ते मध्यरात्रीनंतरच टिपणार, आणि तोवर तो विझला तर ठिपका उमटणारच नाही. नकाशा कोरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एक ठिपका ३७५ मीटर लांब-रुंद चौकोनाचा असतो, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा. नेमकी कुणाची बाग जळते आहे, हे त्यावरून कळत नाही. रोज एकाच जागी दिसणारा ठिपका बहुधा वीटभट्टीचा किंवा कारखान्याचा असतो.

धूर पाहायचा तर नासाच्याच ‘वर्ल्डव्ह्यू’वर दुपारचे रंगीत चित्र उघडावे. ढग पांढराशुभ्र असतो, त्याच्या कडा ठळक असतात. धूर करडा-निळसर, पातळ. त्यातून खालची जमीन दिसते. आगीपाशी त्याचे टोक निमुळते असते आणि वारा जाईल तिकडे तो पसरत जातो. ठिपके आणि धूर एकावर एक ठेवून पाहिले की आग कुठली, धूर कुठला, हे जुळते. रात्रीच्या फेरीत उष्णता टिपली जाते, पण रंगीत चित्रात धूर दिसत नाही. इन्सॅट या भारतीय हवामान उपग्रहांची चित्रे वरचेवर येतात; मोठा पट्टा पाहायला ती ठीक, एका डोंगराचा धूर त्यात सापडणे कठीण.

पुढचे काम वाऱ्याचे. दुपारी खारे वारे धूर घाटाकडे ढकलतात. रात्री मतलई वारे सुटले की तोच धूर उतरून खालच्या वाड्यांत येतो. त्यामुळे दुपारच्या चित्रात धूर पूर्वेला जाताना दिसला, तरी घाटपायथ्याच्या बागायतदारांनी पहाटेची तयारी ठेवावी.

पहाटे धूर खोऱ्यात आडवा पसरून राहिला असेल, तर फवारणी थांबवावी. वरची हवा उबदार, खालची थंड, अशी ती वेळ असते. फवाऱ्याचे बारीक थेंबही धुरासारखेच तरंगत शेजारच्या बागेत जातात. ऊन चढून धूर वर उठू लागला आणि वारा बेताचा असला की फवारावे. राख पडत असेल तर आमसुले, आंबोशी, काजूबी झाकावी किंवा आत घ्यावी. ओल्या सोलांवर पडलेली राख निघता निघत नाही. काढणीच्या मजुरांना एन-९५ मास्क द्यावेत. तोंडाला बांधलेला ओला पंचा राख अडवतो, धुरातले सूक्ष्म कण नाही. दमेकऱ्याला त्या दिवशी बागेत आणूच नये.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनअग्नी पोर्टलवर नोंदणी केल्यास आपल्या भागातील आगीचा इशारा एसएमएसने येतो. नोंदणी जरूर करावी, पण वर सांगितलेला उशीर त्यालाही लागू आहे. डोळ्यांना ज्वाळा दिसली तर आधी गावात हाक द्यावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बागेभोवतीची जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा) गवत उभे वाळण्याआधीच काढून ठेवावी. राब भाजायचा असेल तर खारे वारे सुटण्याआधी, पाण्याचे पिंप आणि दोन माणसे हाताशी ठेवून भाजावा, आणि शेजारच्या वाडीत आदल्या दिवशी सांगून ठेवावे.