दारू सोडायचीय? गोव्यात एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची) मीटिंग अशी शोधा

आधी एक गोष्ट तपासा, ती मीटिंगपेक्षा महत्त्वाची आहे. रोज पीत असाल आणि सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, उलट्या होत असतील, तर घरच्या घरी एकदम दारू तोडू नका. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, फिट बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते आणि भास, बडबड, ताप अशी अवस्था दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. यात माणूस दगावू शकतो. आधी डॉक्टरांना गाठा. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. फिट आली किंवा माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागला, तर थेट १०८. मीटिंग औषधाची जागा घेत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू असतानाही मीटिंगला बसता येतं.

आता शोध. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संगत. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. इंटरनेटवर ‘एए गोवा’ शोधलं की हेल्पलाइनचे नंबर आणि मीटिंगच्या याद्या मिळतात. यादी बघून सरळ बस पकडू नका. याद्या जुन्या होतात, हॉल बदलतात, फेस्ताच्या किंवा चतुर्थीच्या दिवसांत वेळ पुढे-मागे होते. पेडण्याहून म्हापशाला जाऊन बंद दारासमोर उभं राहावं लागलं, तर नवा माणूस पुन्हा येत नाही. परतीच्या वाटेवर बार लागतातच.

म्हणून आधी फोन. पलीकडे उचलणारा बहुधा स्वतः दारूतून बाहेर आलेला असतो, त्याला लाजायचं कारण नाही. एवढंच म्हणा: “मला दारू सोडायचीय, मीटिंगला यायचंय.” मग विचारा. या आठवड्यात ही मीटिंग नक्की आहे का? बोलणं कोकणीत, मराठीत की इंग्रजीत? ओपन की क्लोज्ड? (ओपनला घरचं माणूसही बसू शकतं, क्लोज्ड फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी.) आत कुठल्या दाराने शिरायचं? आणि शेवटचा प्रश्न, जो बहुतेक जण विचारत नाहीत: बस स्टँडवर कुणी भेटेल का? बहुधा कुणीतरी येतं.

पत्ता चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलचा निघाला तर बिचकू नका. खोली तेवढी वापरायला घेतलेली असते, एए कुठल्याही धर्माची नाही. प्रार्थनेत ‘देव’ शब्द येईल, त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

‘कुणी बघितलं तर?’ ही भीती खरी आहे. आपल्याकडे वाड्यावरची बातमी तुमच्या आधी घरी पोचते. उपाय सोपा: सुरुवातीला दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग धरा. डिचोलीच्या माणसाने पणजी, फोंड्याच्या माणसाने मडगाव. पण परतीची शेवटची कदंब बस आधी बघून ठेवा. मीटिंग साधारण तासाभराची किंवा दीड तासाची असते. अर्ध्यावर उठावं लागलं तर शेवटचं बोलणं चुकतं, आणि ओळखी तर मीटिंगनंतरच्या चहावरच होतात.

आत शिरल्यावर काय होतं? खुर्च्या, टेबलावर पुस्तकं, कुणीतरी चेअर करतो, म्हणजे मीटिंग चालवतो. एकेक जण आपलं पहिलं नाव सांगून बोलतो, त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर “आज फक्त ऐकतो” म्हणा, चालतं. शेवटी पैशांसाठी पिशवी किंवा टोपली फिरते. सभासद जमेल तेवढे टाकतात, नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. त्या दिवशी प्यायलेले असाल तरी जा, गप्प बसून ऐका.

एका मीटिंगवरून ठरवू नका. एखादा गट थंड वाटतो, एखाद्यात सगळे वयस्कर असतात, एखाद्यात बाईमाणूस एकटीच पडते. किमान सहा मीटिंग, निदान दोन वेगळ्या गटांत. बायकांनी फोनवरच विचारावं की गटात आणखी बायका येतात का. बस नसेल, पावसात निघवत नसेल, तर ऑनलाइन मीटिंगही असतात. पण गाव सोडता येत असेल तर समोरासमोरचीच धरा.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन ही वेगळी संगत आहे. नवरा यायला तयार नसला तरी बायको तिथे एकटी जाऊ शकते, आणि जावं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

पहिल्याच मीटिंगमधून निघताना दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही बिघडलेलं नसताना, एकाला फोन लावा. “कालचा मी” एवढं पुरतं. काजूचा हंगाम येईल, गल्लीत हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा वास सुटेल, त्या संध्याकाळी अनोळखी नंबर दाबायला बोट धजत नाही. आधी दोनदा बोलणं झालेलं असेल तर धजतं.