वाघ, बिबट्या की रानमांजर? सोसायटीच्या ग्रुपवर लिहिण्याआधी

ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाला लागून असलेल्या सोसायट्यांत ‘वाघ आला’ असा मेसेज फिरला की आधी घबराट पसरते, मग गर्दी जमते, आणि गर्दीत सापडलेला बिबट्या बिथरतो. म्हणून नाव लिहिण्याआधी नीट पाहून घ्या.

अंगावर पट्टे असतील तर वाघ, म्हणजे पट्टेरी किंवा ढाण्या. ठाण्याच्या बाजूला मोकळा फिरतो तो बिबट्या. त्याच्या पाठीवरचा एकेक ठिपका म्हणजे काळं तुटक कडं असतं, आत गडद पिवळा रंग. डोक्यावर आणि पायांवर मात्र ठिपके भरीव असतात. अंधुक फोटोत नुसता पाय दिसला की लोक इथेच फसतात आणि ‘चित्ता’ लिहून मोकळे होतात. चित्त्याचे ठिपके अंगभर भरीव, शिवाय डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. भारतातून तो १९५२मध्ये नामशेष जाहीर झाला. २०२२मध्ये परदेशातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले.

ठिपके दिसलेच नाहीत तर शेपूट पाहा. बिबट्याची लांबलचक, टोकाला वर वळलेली. रानमांजराची आखूड, टोकाकडे काळी वळी, आणि अंग बिनठिपक्यांचं. वाघाटी ही जंगली मांजर तर घरच्या मांजरापेक्षाही लहान, जेमतेम दीड किलोची. तिची पिल्लं बिबट्याचे बछडे समजून उचलली जातात आणि आईला दुरावतात. पिल्लू कुणाचंही असो, हात लावू नका.

आता शब्द चालवायचा कसा? एक बिबट्या, दोन बिबटे. बिबट्याला, बिबट्याने, अनेकवचनात बिबट्यांना. ‘दोन बिबट्या दिसल्या’ हे चूक. मादीला वाघीण म्हणू नका, ‘बिबट्याची मादी’ लिहा. समासात ‘बिबट’ एवढंच उरतं: मानव-बिबट संघर्ष. ‘बिबळ्या’ही बरोबरच.

येऊरच्या पाड्यांवर ‘वाघ’ हा शब्द दोघांनाही चालतो, आणि वाघोबा हा तर तिथला देव. तिथे कुणाचा शब्द दुरुस्त करायला जाऊ नये; ‘पट्ट्यांचा की ठिपक्यांचा?’ एवढंच विचारावं.

मेसेज असा लिहा: ‘बिबट्या, एक. रात्री सव्वादहा. मागच्या भिंतीजवळ दिसला, जंगलाकडे गेला. मुलांना खाली सोडू नका, फोटोसाठी मागे जाऊ नका.’ प्राणी आवारात अडकला असेल तर आधी वनविभागाच्या १९२६ वर फोन, ग्रुप त्यानंतर.