गेट ते पोर्च: जुनी फरशी उखडण्याआधी या चुका टाळा

"मालक, शहाबादी काढू, वरून 4 इंच काँक्रीट मारू. लोखंड टाकलं की हत्ती गेला तरी काय होत नाय." गुत्तेदाराच्या या एका वाक्यावर आम्ही परभणीच्या घरासमोरची जागा पक्की करून घेतली. हत्ती काही आला नाही. एक पावसाळा आला, एक उन्हाळा आला आणि मे महिन्यात गेटपासून तुळशीपर्यंत भेग गेली. पोराची कंपासमधली पट्टी त्या भेगेत उभी घालून बघितली तर ती पावणेतीन इंचांवर मातीला टेकली. म्हणजे भेग आरपार होती, आणि 4 इंचांचे पैसे देऊन आम्ही घेतलं होतं पावणेतीन.

पुन्हा खर्च करायची वेळ आली तेव्हा आधी दोन महिने नुसतं बघत बसलो. त्या बघण्यातून जे कळलं ते इथं लिहितोय. आपल्याकडं ड्राइव्हवे कुणी म्हणत नाही. "गेटमधली जागा" म्हणा, "पार्किंग" म्हणा, पण गाडी जिच्यावरून आत येते ती ही पट्टी. ती बिघडते तेव्हा रोग बहुतेक वेळा खाली असतो, आणि आपण पैसे वरच्या थराला लावतो.

पहिली चूक: पेव्हर की काँक्रीट, इथून सुरुवात

दुकानात जाऊन ब्लॉकचा रंग निवडण्याआधी घरी पहार आणि फावडं काढा. 2 फूट खोल 3 खड्डे घ्या: एक गेटजवळ, एक चाकाच्या पट्ट्यात, एक पोर्चला लागून. तिन्हींत एकसारखी माती निघेल असं धरून चालू नका. आमच्याकडं गेटजवळ 8 इंचांवर मुरूम लागला, मधे निव्वळ काळी माती, आणि पोर्चजवळ काळी माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोणीची चिंधी असा सगळा काला. घराच्या पायाचं खोदकाम झालं की उरलेली माती त्याच खड्ड्यात परत लोटतात, तिची दबाई कुणी करत नाही. पोर्चच्या कडेची 3-4 फुटांची पट्टी सगळ्यात आधी खचते, त्याचं कारण हे.

मराठवाड्यातली काळी भारी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल अशा भेगा आपण लहानपणापासून बघतो, पण घरासमोरची माती तीच आहे हे विसरतो. तुमची माती किती फुगणारी आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. दीड फुटाखालची मूठभर माती घ्या, खडे काढा, भाकरीच्या पिठासारखी मळा आणि आतून तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या वाटीत गच्च दाबून भरा. वर सपाट करा आणि 5 दिवस सावलीत ठेवा. मुरमाड किंवा बरड माती वाटीला जवळजवळ धरून राहते. भारी काळी माती कडेनं सुटते, मधे तडकते आणि वाटी उपडी केली की वडीसारखी बाहेर पडते. आमची वडी वाटीपासून चारही बाजूंनी काडीपेटीच्या काडीच्या जाडीएवढी सुटली होती. वाटीत एवढं, तर 40 फुटांत किती?

वडी सुटली तर वरचा थर कितीही जाड करा, उपयोग नाही. काळी माती निदान दीड फूट काढायची आणि चांगला कडक मुरूम 6-6 इंचांच्या थरांत, पाणी मारून, रोलरनं दाबत भरायचा. हिशोब आधीच करून ठेवा: 12 फूट रुंद, 30 फूट लांब आणि 1 फूट जाड थर म्हणजे 360 घनफूट, 3.6 ब्रास (100 घनफुटांचा 1 ब्रास). पण दबाईनंतर मुरूम बसतो, म्हणून साडेचार ब्रासच्या आसपास मागवावा लागतो. गुत्तेदार 3 ब्रासमध्ये भागवतो म्हणाला तर समजून जा.

मुरमाच्या जागी वाळू किंवा पाडकामाचा राडारोडा भरू नका. राडारोड्यात पोकळ्या राहतात. वाळूत पाणी साठतं आणि खालच्या काळ्या मातीला ते महिनाभर पुरतं. गोदाकाठी काही ठिकाणी काळी जमीन इतकी खोल असते की सगळी काढणं परवडतच नाही. तिथं मी तरी सलग काँक्रीटच्या नादी लागणार नाही. पेव्हर ब्लॉक घ्यावेत. जमीन हलली तर ते खालीवर होतात, पण काढून, खालचा थर सारखा करून तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात.

भेग बुजवायची घाई

सिमेंटच्या पाण्यानं भेग बुजवली की दिसायचं बंद होतं, एवढंच. आधी ती वाचा. वरवर जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर ते काम उन्हात झालंय किंवा पाणी कमी मारलंय. ती दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. एवढ्यासाठी सगळं उखडायची गरज नाही. 12-15 फुटांवर सरळ आडवी भेग असेल तर जोड, म्हणजे काँक्रीट तिथंच तडकावं म्हणून मुद्दाम कापलेल्या फटी, ठेवलेले नाहीत, काँक्रीटनं स्वतःच जोड करून घेतला. भेगेची एक बाजू वर आणि एक खाली असेल, पायाला ठेच लागत असेल, तर जमीन हललीय. आणि चाकांच्या दोन रेषांत खोलगट पन्हाळी पडली असेल तर खालची दबाई कच्ची आहे.

एक काम फुकटात होतं: भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा आणि रुंदी मोजून ठेवा. मे महिन्यात एकदा, सप्टेंबरच्या शेवटी एकदा. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारी भेग म्हणजे काळी माती श्वास घेतेय. मग पहारीचं बोथट टोक हलक्या हातानं आपटत चाला. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे, बहुधा पाण्यानं माती वाहून गेलीय किंवा उंदीर-घुशींचं राज्य आहे. आमच्याकडं तुळशीजवळ बद्द वाजलं. उकरलं तर गच्चीच्या पाण्याचा पाइप जमिनीखाली जोडातून सुटलेला, सगळं पाणी फरशीच्या पोटात. मातीला दोष देत बसलो होतो, अर्धा गुन्हा प्लंबिंगचा निघाला.

पाऊस न बघता उतार ठरवणं

छत्री घ्या आणि मोठ्या पावसात अर्धा तास अंगणात उभे राहा. घरचे हसतील, हसू द्या. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं जातं हे खडूनं नाही, मोबाइलवर टिपा, खडू पुसतो. 480 चौरस फुटांवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी होतं, आणि गच्चीचं वेगळं. त्याला वाट हवी. 10 फुटांना दीड-दोन इंच उतार पुरतो, पण तो घरापासून दूर हवा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

खरी पंचाईत रस्त्याची आहे. गल्लीत नवा सिमेंट रस्ता होतो तो जुना न खरवडता त्याच्यावरच, आणि दर वेळी अंगण खड्ड्यात जातं. मग प्रत्येक जण घरासमोर भर घालतो. इथंच पुढची चूक होते: जुन्यावर थर, त्यावर थर. अंगण वर आलं की जोत्याची उंची जाते, पावसाचं पाणी भिंतीला टेकतं, आतल्या गिलाव्याला लोणा लागतो आणि वाळवीला पूल मिळतो. बाहेरची पातळी जोत्यापेक्षा निदान 6 इंच खाली राहिलीच पाहिजे. तेवढी जागा नसेल तर जुना थर काढा, दुसरा इलाज नाही. गेट अजून आतल्या बाजूला उघडतं का, हेही बघा. शेजारच्या मामांनी नवीन फरशी झाल्यावर गेट खालून कापून घेतलं.

पातळी डोळ्यानं मोजू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतो तशी घ्या: रस्ता, गेट, अंगणाचा मध्य आणि पोर्च. रस्ता अंगणापेक्षा 14 इंच वर असेल आणि उताराला 10 फुटांमागे 1 फूट चढ धरला तर जवळपास 12 फूट लांबी लागते. तेवढी जागा नसल्यावर लोक उतार गेटबाहेर, नालीवर काढतात. गाडीचं पोट घासायचं थांबतं, पण नाली तुंबते, शेजाऱ्याच्या दारात पाणी जातं, आणि एक दिवस जेसीबी येऊन तो उतार फोडून जातो. नालीवर उचलता येईल अशी लोखंडी जाळी ठेवा.

टँकर येणार का?

पुण्या-मुंबईकडच्या सल्ल्यात हा प्रश्न नसतो. आपल्याकडं तो पहिला हवा. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. फरशी करताना दर वर्षी पाऊस चांगलाच होईल असं धरून चालू नये, टँकर लागू शकतो. 10,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचंच वजन 10 टन, वर गाडीचं वेगळं. कारसाठी 4 इंच काँक्रीट किंवा 60 मिलिमीटरचे ब्लॉक पुरतात. टँकर आत येणार असेल तर काँक्रीट 6 इंच, ब्लॉक 80 मिलिमीटर, आणि खालचा मुरमाचा थर त्याच हिशोबानं. माझं मत विचाराल तर टँकर आत घेऊच नका. टँकर रस्त्यावर उभा करा, पाइप आत आणा. हौदाचा किंवा सेप्टिक टँकचा स्लॅब चाकाखाली येत असेल तर हा विषय चर्चेचा नाहीच.

बोअरही इथंच कुठंतरी असतो. बोअरचा बाहेरचा पाइप (केसिंग) नव्या पातळीच्या वर फूटभर राहू द्या, नाहीतर अंगणातलं घाण पाणी थेट आत. मोटार वर काढायला तिपाई उभी राहील एवढी जागा मोकळी ठेवा आणि भोवतीचे 3-4 फूट ब्लॉकनंच करा, सलग काँक्रीट नको. काम सुरू होण्याआधी आरपार दोन रिकामे पाइप पुरून ठेवा. उद्या केबल टाकायची झाली तर फरशी फोडावी लागणार नाही. लिंबाच्या झाडाभोवतीही मोकळं आळं ठेवा. झाड अडचणीचं वाटलं तरी शहरी हद्दीत ते तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

मे महिन्यात काम काढणं

सुट्ट्या असतात, लग्न असतं, म्हणून फरशीचं काम मे महिन्यात निघतं. तेव्हा माती पूर्ण आकसलेली असते. त्यावर काँक्रीट केलं की पावसाळ्यात कडेची माती आधी भिजून फुगते, मधली कोरडीच राहते, आणि मधे भेग. शिवाय 42 अंशांत ओल्या काँक्रीटचं पाणी वाऱ्यानंच उडतं. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने बरे. अडचण एवढीच की बीडकडचे बरेच मजूर तेव्हा ऊसतोडीला गेलेले असतात, त्यामुळं गुत्तेदाराला आधीच बोलून ठेवा.

भाव चौरस फुटावर ठरला तरी कागदावर जाडी, मुरमाचे ब्रास, दबाईचे थर आणि जोड किती फुटांवर हे लिहून घ्या. 4 इंची काँक्रीटला 8 ते 10 फुटांवर जोड हवेत, आणि ते दुसऱ्याच दिवशी कापायचे, आठवड्यानं नाही. पाणी निदान 10 दिवस, आळी करून साठवून. नुसता पाइप फिरवून नाही.

आम्ही दुसऱ्यांदा केलं तेव्हा गुत्तेदार तोच होता. काँक्रीट ओलं असताना मी 6 इंची खिळा हातात घेऊन दर 5 फुटांवर खुपसत चाललो. तो मागून म्हणाला, "मालक, भरोसा नाय का काय?" एका ठिकाणी खिळा साडेतीन इंचांवर अडला. तिथं त्यानं काही न बोलता दोन घमेली आणखी ओतली.